डिप्रेशनवर उपचार करतात म्हणजे नेमकं काय करतात?

अलीकडे कॉलेजच्या नोटीस बोर्डावर, सरकारी दवाखान्याच्या भिंतीवर १४४१६ हा मानसिक आरोग्यासाठीच्या मदतीचा नंबर दिसू लागला आहे. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांनी प्रशिक्षित समुपदेशक नेमावा, असंही बजावलं. आत्महत्येच्या प्रत्येक बातमीखाली ‘गरज वाटल्यास तज्ज्ञांची मदत घ्या’ अशी ओळ असते. ओळ योग्यच आहे. पण ती वाचणाऱ्या माणसाला पुढचं काहीच कळत नाही. मदत घ्या म्हणजे कोणाकडे जा? तिथे काय विचारतात? गोळ्या सुरू झाल्या की जन्मभर सुटत नाहीत, हे खरं का? नुसतं बोलून आजार कसा बरा होईल?

या प्रश्नांची उत्तरं मिळत नाहीत म्हणून माणसं महिनोन् महिने अंगावर काढतात. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेने २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत मोठी पाहणी केली होती. डिप्रेशन असलेल्या शंभर माणसांपैकी साधारण ८५ जणांपर्यंत उपचार पोचतच नव्हते, असं त्यात दिसलं. मानसिक आजार अनेक आहेत. या लेखात मी डिप्रेशनपुरतंच बोलणार आहे, कारण ते खूप लोकांना होतं आणि त्यावर चालणारे उपचार आपल्याकडे उपलब्ध आहेत.

वाईट वाटणं आणि डिप्रेशन

कोणी गेलं, नोकरी सुटली, पीक हातचं गेलं, की वाईट वाटणारच. पण त्या वाईट वाटण्यात अधूनमधून उसंत मिळते. नातवंड मांडीवर येऊन बसलं की तेवढ्यापुरतं हसू येतं, भूक लागते, मॅचचा स्कोअर विचारावासा वाटतो. डिप्रेशनमध्ये ही उसंत जवळजवळ बंद होते. आवडीच्या गोष्टीही बेचव लागतात.

डॉक्टर दोन गोष्टी पाहतात. त्रास किती दिवस आहे, आणि त्याने रोजचं जगणं कितपत अडलं आहे. दोन आठवड्यांहून जास्त काळ, बहुतेक दिवस आणि दिवसातला बराच वेळ असं होत असेल, तर ते नुसतं ‘मूड नाही’ म्हणून सोडून द्यायचं नसतं. पीएचक्यू-९ नावाची नऊ प्रश्नांची एक प्रश्नावली जगभर वापरतात, ती मराठीतही आहे. कशातच रस वाटत नाही का? उदास, हताश वाटतं का? झोप उडाली आहे का, की झोपूनच राहावंसं वाटतं? सतत थकवा असतो का? जेवण जात नाही, की उगाच जास्त खाल्लं जातं? आपण कुचकामी आहोत, घरच्यांना ओझं झालो आहोत असं वाटतं का? वाचताना, टीव्ही पाहताना लक्ष उडतं का? हालचाल, बोलणं मंदावलं आहे का, किंवा उलट एका जागी बसवत नाही का? जगणं नको वाटतं का? प्रत्येक प्रश्नाला शून्य ते तीन गुण असतात. बेरीज दहा किंवा त्यापुढे गेली तर डॉक्टरांना भेटायला हवं. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ असेल, तर बेरीज कितीही येवो, भेटायलाच हवं. ही प्रश्नावली निदान करत नाही. आता थांबू नका, एवढं मात्र ती सांगते.

यावर हमखास एक आक्षेप येतो. ‘त्याच्या डोक्यावर कर्ज आहे, म्हणून तो खचलाय. यात आजार कुठला?’ कारण खरं असतं आणि आजारही खरा असतो. कर्जामुळे सुरू झालेलं डिप्रेशन माणसाची झोप आणि विचार करण्याची ताकद घेऊन जातं. मग बँकेत जाऊन हप्ते बदलून मागणंही त्याला झेपत नाही. उपचाराने कर्ज फिटत नाही, पण बँकेची पायरी चढण्याइतकं बळ परत येतं. म्हणून दोन्ही गोष्टींना एकाच वेळी हात घालावा लागतो.

तक्रार मात्र अंगाची असते

आपल्याकडे फार थोडी माणसं डॉक्टरांना ‘मी उदास आहे’ असं सांगतात. डोकं जड होतं, पाठ भरून येते, अंगात त्राण नाही, छातीत धडधडतं, जीव घाबरा होतो, अशा तक्रारी घेऊन ती जातात. मग ईसीजी होतो, रक्त तपासतात, सगळं ‘नॉर्मल’ येतं. घरचे म्हणतात, काही झालेलं नाही, मनाचे खेळ आहेत. त्रास होणाऱ्याला ते फार लागतं, कारण पाठ खरंच दुखत असते. डिप्रेशनमध्ये झोप, भूक, वेदना, शक्ती या सगळ्यांवर परिणाम होतो. ते ढोंग नसतं.

तपासण्या व्यर्थ असतात असं मात्र समजू नका. थायरॉइड कमी पडलं, बी-१२ किंवा हिमोग्लोबिन उतरलं, तर हुबेहूब असाच थकवा आणि उदासी येते. बी-१२ची कमतरता शाकाहारी घरांमध्ये तर बरीच आढळते. चांगला डॉक्टर आधी हे पाहून घेतो. बाळंतपणानंतर आईला येणारं डिप्रेशन तर घराघरांत ‘दमली असेल’ म्हणून नजरेआड होतं. त्याचा त्रास आईला होतो, बाळालाही होतो, आणि ते बरं होण्यासारखं असतं.

‘बरं वाटलं की करीन’

डिप्रेशनचं चक्र असं चालतं. मन लागत नाही म्हणून माणूस एकेक गोष्ट सोडतो. आधी फिरायला जाणं बंद होतं, मग मित्रांचे फोन उचलणं, मग अंघोळसुद्धा लांबते. जितकं सोडतो तितके बरं वाटण्याचे प्रसंग कमी होतात आणि मन आणखी बुडत जातं. तो स्वतःला समजावतो, बरं वाटलं की पुन्हा सुरू करीन. पण बरं वाटावं असं दिवसभरात काही उरलेलंच नसतं. बरेच दिवस बंद राहिलेल्या हातपंपात आधी वरून तांब्याभर पाणी ओतावं लागतं, मग तो पाणी खेचू लागतो. मनाचंही पुष्कळसं तसंच आहे. थोडी कृती आधी करावी लागते, उत्साह मागून येतो.

यावर उभ्या असलेल्या उपचाराला बिहेवियरल ॲक्टिव्हेशन म्हणतात. म्हणजे ठरवून, थोडं थोडं, पुन्हा कामाला आणि माणसांत लागणं. याचा एक भक्कम पुरावा आपल्या शेजारचाच आहे. गोव्यात संगत नावाची संस्था १९९६ पासून काम करते. तिने दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये तीव्र डिप्रेशन असलेल्या रुग्णांवर हा उपचार करून पाहिला. उपचार करणारे डॉक्टर नव्हते, मानसशास्त्राचे पदवीधरही नव्हते. ती प्रशिक्षण दिलेली स्थानिक माणसं होती. आठवड्याला एक याप्रमाणे सहा ते आठ भेटी, प्रत्येक अर्ध्या-पाऊण तासाची, केंद्रात नाहीतर रुग्णाच्या घरी. तीन महिन्यांनी या गटातल्या शंभरपैकी ६४ जणांचा त्रास आजाराच्या पातळीखाली उतरला होता. ज्यांना आरोग्य केंद्राची नेहमीची सेवा थोडी सुधारून दिली होती, त्यांच्यात हा आकडा ३९ होता. हे निष्कर्ष २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले.

अशा भेटीत काय होतं, हे एका काल्पनिक उदाहरणातून बघू. समजा, पन्नाशीतल्या एक बाई आहेत. मुलगी लग्न होऊन गेली, गुडघे दुखू लागले, भजनी मंडळ सुटलं. आता दुपारभर त्या भिंतीकडे तोंड करून पडून असतात. पहिल्या भेटीत समुपदेशक त्यांना उपदेश करत नाही. कालचा दिवस सकाळपासून कसा गेला, ते तासातासाने विचारून कागदावर लिहितो आणि प्रत्येक तासापुढे मनाला किती बरं वाटत होतं त्याचे दहापैकी गुण लिहायला लावतो. बहुतेक ठिकाणी एक-दोन असतात. एका जागी चार दिसतात, दूधवाल्या पोराशी दोन मिनिटं बोलल्या होत्या तिथे. तो धागा पकडून पहिल्या आठवड्याचं काम ठरतं. सकाळचा चहा आतल्या खोलीत न घेता ओट्यावर बसून घ्यायचा, बस. पुढच्या आठवड्यात कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन कोथिंबीर आणायची. त्यानंतर मंडळात जायचं, पण गायचं नाही, मागे बसायचं, नको वाटलं तर उठून यायचं. जाण्याआधी गुण किती आणि आल्यावर किती, तेवढं लिहायचं. एखाद्या आठवड्यात काम झालं नाही तर रागावणं नाही, कशामुळे अडलं ते शोधून काम आणखी लहान करायचं.

उपाय फार किरकोळ वाटतो, हे मला मान्य आहे. पण डिप्रेशनमधल्या माणसाला कोणी ‘रोज तासभर चाल, योगा कर, पुस्तकं वाच’ अशी यादी दिली की त्याच्या पदरी आणखी एक अपयश पडतं. छोटं काम पार पडतं आणि पार पडलं की पुढचं जमतं. समुपदेशनाच्या इतरही पद्धती आहेत. ‘मी नापास झालो म्हणजे माझं आयुष्य संपलं’ अशा विचारांची छाननी करायला शिकवणारी सीबीटी (कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी) ही त्यातली प्रसिद्ध. कोणती पद्धत कोणाला, हे उपचार करणारा ठरवतो.

‘मग हे सगळं स्वतःच करता येईल की, माणूस कशाला हवा?’ सौम्य त्रासात स्वतः करता येतं, जरूर करावं. झोपण्या-उठण्याची वेळ सांभाळावी, दारू टाळावी, रोज कोणाशी तरी बोलावं. दारूने तासभर विसर पडतो, पण झोप बिघडते आणि डिप्रेशन वाढतं. त्रास मध्यम किंवा तीव्र असेल तर मात्र काम लहान करायचं कसं, हेच सुचत नाही. तेव्हा दुसरं माणूस लागतं.

गोळ्यांची भीती

‘एकदा सुरू केल्या की सुटत नाहीत.’ या समजाच्या मुळाशी एक गल्लत आहे. झोपेसाठी किंवा घाबरेपणासाठी देतात त्या अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम जातीच्या गोळ्यांची सवय लागू शकते. म्हणून त्या थोड्या दिवसांपुरत्या आणि डॉक्टरांच्या नजरेखालीच घ्यायच्या असतात. जुनी चिठ्ठी दाखवून मेडिकलमधून त्या आणत राहणं धोक्याचं आहे. डिप्रेशनवरची मुख्य औषधं निराळी. एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन, फ्लुओक्सेटिन ही त्यातली नेहमीची. त्यांची नशा होत नाही, डोस वाढवत न्यावासा वाटत नाही.

मात्र ती लगेच काम करत नाहीत. परिणाम जाणवायला दोन ते चार आठवडे लागतात, पुरता फरक दिसायला सहा ते आठ. पहिल्या आठवड्यात मळमळ, डोकेदुखी, अस्वस्थपणा येऊ शकतो. म्हणजे त्रास आधी आणि फायदा नंतर. याच टप्प्यावर कितीतरी जण गोळ्या फेकून देतात, आणि हे आधी सांगितलं गेलं असतं तर फेकल्या नसत्या, असं मला राहून राहून वाटतं. पंचविशीच्या आतल्या रुग्णांवर पहिल्या काही आठवड्यांत घरच्यांनी जास्त लक्ष ठेवावं. त्या वयात सुरुवातीला अस्वस्थता आणि जीव देण्याचे विचार वाढू शकतात. तसं दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावं. काही औषधांनी लैंगिक इच्छा कमी होते. रुग्ण संकोचाने बोलत नाहीत, पण बोलावं, औषध बदलता येतं.

बरं वाटल्यावरही साधारण सहा ते नऊ महिने औषध चालू ठेवतात, कारण लवकर थांबवलं तर आजार उलटतो. थांबवतानाही डोस हळूहळू उतरवतात. एकदम बंद केलं तर चक्कर, चिडचिड, झोपमोड होते आणि लोकांना वाटतं, बघा, सवय लागली होती. ज्यांना डिप्रेशन पुन्हा पुन्हा येतं त्यांना औषध जास्त काळ लागू शकतं. सौम्य डिप्रेशनमध्ये तर कितीदा गोळ्यांची गरजच पडत नाही.

कोणाकडे जायचं?

मानसोपचारतज्ज्ञ हे एमबीबीएसनंतर मनोविकारशास्त्रात पुढचं शिक्षण घेतलेले डॉक्टर. ते औषध देऊ शकतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट औषध देत नाहीत, चाचण्या आणि बोलण्यातून उपचार करतात. त्यांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. समुपदेशकांमध्ये उत्तम शिकलेले असतात आणि चार दिवसांचा कोर्स केलेलेही असतात. त्यामुळे शिक्षण कुठे झालं, किती वर्षं काम करता, हे सरळ विचारावं. चांगल्या माणसाला त्याचा राग येत नाही.

देशात एक लाख लोकांमागे मानसोपचारतज्ज्ञ ०.७५, म्हणजे एकही नाही. त्यामुळे वाट पाहावी लागते. तरीही स्वस्त आणि जवळचा रस्ता बहुतेक जिल्ह्यांत आहे. सिव्हिल हॉस्पिटलमध्ये जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची ओपीडी चालते. केसपेपरच्या खिडकीवर ‘मनोविकार’ किंवा ‘मानसिक आरोग्य’ विभाग म्हणून सांगायचं. ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत आहेत. पहिल्या भेटीत झोप, भूक, काम, व्यसन, घरात पूर्वी कोणाला असा त्रास होता का, चालू औषधं कोणती, असं विचारतात. गर्दीत सगळं आठवत नाही, म्हणून तक्रारी आणि त्या कधीपासून आहेत हे घरीच कागदावर लिहून न्यावं. विदर्भ-मराठवाड्यातल्या शेतकरी आत्महत्याग्रस्त १४ जिल्ह्यांत २०१५ पासून शेतकऱ्यांच्या समुपदेशनासाठी प्रेरणा प्रकल्प आहे. तिथे आशाताईंशी बोललं तरी सुरुवात होते. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथे प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत, आणि तिथेही ओपीडी असते. ओपीडीत दाखवलं म्हणजे भरती करतात, असं नाही. डिप्रेशनच्या बहुतेक रुग्णांना भरतीची गरज पडत नाही. गोव्यात हीच सोय बांबोळीला आहे.

आणि १४४१६? ही केंद्र सरकारची टेली मानस सेवा, १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली. चोवीस तास, मोफत, मराठीतूनही. फोन आधी प्रशिक्षित समुपदेशक घेतो. गरज दिसली तर मानसोपचारतज्ज्ञांशी जोडून देतात किंवा जवळच्या दवाखान्याचा रस्ता दाखवतात. काय बोलावं सुचत नसेल तर ‘मला झोप लागत नाही, कसंतरी होतंय’ एवढ्यानेही सुरुवात होते.

लोकांना कळलं तर?

ही भीती पोकळ नाही. मुलीचं लग्न, नोकरीतली बढती, सोसायटीतली कुजबुज, या गोष्टींनी माणसं खरोखर भाजली आहेत. कायदा मात्र रुग्णाच्या बाजूने आहे. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा मे २०१८ पासून लागू आहे. त्याने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. डॉक्टर तुमची माहिती ऑफिसला किंवा नातेवाइकांना सहज देऊ शकत नाहीत. शारीरिक आजारांना मिळतो तसाच आरोग्य विमा मानसिक आजारांनाही मिळावा, असंही हा कायदा सांगतो. क्लेम करण्याआधी पॉलिसीत भरतीचा आणि ओपीडीचा खर्च कसा धरला आहे ते वाचून घ्या.

आत्महत्येचा प्रयत्न केला तर पोलीस केस होईल, या धाकाने पूर्वी घरचे दवाखान्यात खोटं सांगत. याच कायद्याने अशा माणसाला तीव्र मानसिक ताण होता असं गृहीत धरायला आणि सरकारने त्याची काळजी घ्यावी असं सांगितलं आहे. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत भारतीय दंड संहितेचं, आत्महत्येचा प्रयत्न गुन्हा ठरवणारं जुनं ३०९ कलम ठेवलेलं नाही. तेव्हा डॉक्टरांना खरं ते सांगा. उपचाराची दिशा त्यावर ठरते.

घरच्यांनी काय करावं

‘तुला काय कमी आहे?’ हा प्रश्न बंद करावा. त्याने अपराधी वाटण्यात भर पडते. जवळ बसून ऐकावं, मध्येच तोडगा काढू नये. केसपेपर काढायला रांगेत उभं राहणं, सोबत एसटीने जाणं, गोळ्यांची वेळ सांभाळणं, ही मदत सल्ल्यापेक्षा कामाची. ‘बाहेरचं काही असेल’ म्हणून कोणी देवऋषीकडे न्यायचा हट्ट धरला, तर भांडणात दिवस घालवू नका. देवाला नमस्कार करून आधी डॉक्टरांकडे चला म्हणा. मात्र मारहाण, साखळी, उपाशी ठेवणं असले प्रकार होत असतील तर ते थांबवलेच पाहिजेत. महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याचा त्यासाठी आधार आहे.

कोणी ‘मी नसलो तर बरं होईल’ असं बोललं, आवरासावर करू लागलं, जपलेल्या वस्तू वाटू लागलं, तर थेट विचारा, ‘जीव द्यायचा विचार मनात येतो का?’ असं विचारल्याने डोक्यात विचार घातला जातो, हा गैरसमज आहे. उलट बऱ्याच जणांना कोणीतरी विचारलं म्हणून हायसं वाटतं. उत्तर ‘हो’ आलं तर त्यांना एकटं सोडू नका. घरातली औषधं आणि शेतीच्या फवारणीची औषधं कुलपात ठेवा, चावी स्वतःकडे ठेवा. १४४१६ ला फोन करा. जिवाला लगेच धोका दिसत असेल तर १०८ ची ॲम्ब्युलन्स बोलवा किंवा सरळ जवळच्या दवाखान्याच्या तातडीच्या विभागात न्या. ही लाट बहुधा काही तासांत किंवा दिवसांत ओसरते. तेवढा वेळ सोबत असणं, हेच काम.

‘एकदा जाऊन आलो, काही फरक पडला नाही’

हे पुष्कळ जण सांगतात, आणि त्यांचं खरंही असतं. कुठे डॉक्टरांनी तीन मिनिटांत चिठ्ठी लिहिलेली असते, कुठे समुपदेशकाने नुसतं ‘पॉझिटिव्ह राहा’ म्हटलेलं असतं. पहिल्या औषधाने सगळ्यांना गुण येत नाही. काहींना दुसरं द्यावं लागतं, काहींना औषध आणि समुपदेशन दोन्ही मिळून लागतं. आधी एवढं तपासा की औषध ठरलेल्या डोसमध्ये सहा आठवडे तरी घेतलं होतं का, आणि भेटी किती झाल्या होत्या. तेवढं करूनही फरक नसेल तर त्याच डॉक्टरांना तसं सांगा. माणूसच पटत नसेल तर दुसऱ्याकडे जा, त्यात कोणाचा अपमान नाही. जाताना जुन्या चिठ्ठ्या आणि गोळ्यांची रिकामी पाकिटं सोबत न्या. कोणतं औषध किती दिवस घेतलं हे नव्या डॉक्टरांना त्यावरून कळतं, आणि जे एकदा लागू पडलं नाही तेच पुन्हा सुरू होत नाही.